लांब स्वराचं काय करायचं?

पियानोवर सूर धरून ठेवता येत नाही. हातोडी तारेवर आपटते, सूर उमटतो आणि त्याच क्षणापासून ओसरायला लागतो. पट्टी दाबून ठेवा, पेडल दाबून ठेवा, ओसरणं थांबत नाही. मी लहानपणी पेटी वाजवत होते. भात्यात हवा आहे तोवर पेटीचा सूर तुमचा असतो. नाट्यपदाच्या ओळीच्या शेवटी गाणारा एखाद्या सुरावर थांबला की आपणही त्याच्यासोबत निवांत थांबायचं, हे माझ्या बोटांना ठाऊक होतं. पियानोकडे वळल्यावर सगळ्यात आधी ही सोय गेली. पुढे जॅझ हाच माझा पोटापाण्याचा व्यवसाय झाला, आणि आता मला ठामपणे वाटतं की जॅझमधल्या थोर पियानोवादकांच्या शैलींतला निम्मा फरक ह्या एका अडचणीपोटी आला आहे. ओसरणाऱ्या सुराचं काय करायचं, ह्याचं प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

'ऑटम लीव्ह्ज' ह्या धुनेत तर ही अडचण झाकायला जागाच नाही. तीन सूर चढत येतात आणि चौथ्यावर धून थांबते. तो चौथा सूर चार मात्रांचा अख्खा बार व्यापून पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेपर्यंत जातो. मग परत तीन सूर, परत थांबणं. जी मायनरमध्ये वाजवलं तर थांबण्याच्या जागा ई-फ्लॅट, डी, सी आणि बी-फ्लॅट अशा एकेक पायरीनं उतरत जातात. त्यांच्याखालच्या कॉर्ड बघितल्या तर एक सुंदर गोष्ट लक्षात येते. प्रत्येक वेळी थांबण्याचा सूर हा त्या कॉर्डचा गंधार आहे. एकदा शुद्ध आणि बाकी वेळा कोमल, पण गंधारच. ह्या चालीतली हुरहूर शब्दांमुळे येते असं मला वाटत नाही. ती ह्या उतरत्या गंधारांतून येते.

चाल मुळात अमेरिकेची नाही. हंगेरीत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये काम करणाऱ्या जोझेफ कोस्मा यांनी ती 1945 साली एका बॅलेसाठी बांधली. कवी झाक प्रेव्हेर यांनी तिला फ्रेंच शब्द दिले, आणि ईव्ह माँताँ यांच्या गळ्यातून ती फ्रान्सभर पसरली. जॉनी मर्सर यांनी इंग्रजी शब्द लिहिल्यावर ती अमेरिकेची झाली. 1955 मध्ये रॉजर विल्यम्स यांनी पियानोवर वाजवलेली ही धून तिथल्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. विल्यम्सचा उपाय सगळ्यांना कळेल असा होता. लांब सूर आला की वरून खाली झरझर कोसळणाऱ्या स्वरांच्या सरी सोडायच्या. हॉटेलच्या लाउंजमध्ये मी आठवड्यातल्या काही संध्याकाळी वाजवते, तिथं उतारवयातले पाहुणे ही फर्माईश करताना हवेत बोटं वरून खाली आणून दाखवतात. त्यांच्या मनातली धून ती असते.

त्याच वर्षी, 19 सप्टेंबर 1955 रोजी, कॅलिफोर्नियातल्या कार्मेल गावात एका शाळेच्या सभागृहात एरॉल गार्नर वाजवत होता. ती मैफल 'कॉन्सर्ट बाय द सी' ह्या नावानं निघाली आणि जॅझच्या सर्वांत खपलेल्या रेकॉर्डमध्ये जाऊन बसली. तिच्यात 'ऑटम लीव्ह्ज' आहे. गार्नरला नोटेशन वाचता येत नव्हतं, आणि पियानोतून ऑर्केस्ट्रा काढायला ते यावं लागतं असंही नाही, हे इथं ऐकू येतं. लांब सूर तो एकटा सोडतच नाही. सूर ऑक्टेव्हमध्ये दुणावतो, त्याच्या पोटात जाड कॉर्ड भरतो, आणि पहिला लोट ओसरायच्या आत दुसरा आणतो. मला हे वादन भरजरी वाटतं. थोडं जास्तच, असं म्हणणारे आहेत. मी त्यांच्यातली नाही.

बिल इव्हान्सनं 28 डिसेंबर 1959 रोजी न्यूयॉर्कमध्ये हीच धून 'पोर्ट्रेट इन जॅझ' ह्या रेकॉर्डसाठी वाजवली. सोबत बेसवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. धून मांडून झाल्यावर पियानो आणि बेस एकमेकांना तुकड्यातुकड्यांनी उत्तरं द्यायला लागतात, सरळ चालणारा ठेका काही काळ कुणीच धरत नाही. म्हणजे इव्हान्सनं रिकामी जागा स्वतः भरली नाही, ती शेजारच्या माणसाला देऊन टाकली. त्याच्या आधीच्या वर्षी कॅननबॉल ॲडर्लीच्या 'समथिंग एल्स'मध्ये माइल्स डेव्हिसनं म्यूट लावलेल्या ट्रम्पेटवर ही धून वाजवली होती. पण ट्रम्पेटवाल्याला सूर धरता येतो. त्याचा प्रश्नच निराळा.

इव्हान्सची पद्धत आता इतकी रुजली आहे की पियानो शिकणारा कुणीही 'ऑटम लीव्ह्ज' वाजवायला बसला की डावा हात आपोआप तिकडे जातो. डाव्या हातात मूळ स्वर घ्यायचा नाही, तो बेसवाल्यावर सोपवायचा, आणि गंधारापासून वरचे चार स्वर जवळजवळ बसवायचे. माझा हातही वर्षानुवर्षं तिथंच जात आला आहे.

मागच्या वर्षी आमच्या ड्रमरनं एका छोट्या सभागृहात कार्यक्रम ठरवला. कल्पना त्याचीच. ओळखीची धून घ्यायची, आणि ज्या पियानोवादकानं ती वाजवल्याचं आपण ऐकलेलं नाही त्याच्या हातानं ती उभी करायची. माझ्या वाट्याला 'ऑटम लीव्ह्ज' आली आणि सोबत नाव आलं थेलोनियस मंकचं.

मंकची नक्कल ऐकणाऱ्याला पटकन ओळखू येते. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबा, मधेच सहा सारख्या अंतराच्या स्वरांची घसरगुंडी वरून खाली सोडा, अनपेक्षित जागी थांबा, की श्रोता हसून मान डोलावतो. अनेक चांगले वादक एवढ्यावर थांबतात. मला ते कधीच आवडलेलं नाही. त्यातून मंकच्या लकबी ऐकू येतात, पण मंक ज्या ठाम पायावर उभा होता तो पाया ऐकू येत नाही. 1917 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंटमध्ये जन्मलेला हा माणूस लहानपणीच न्यूयॉर्कच्या वेस्ट 63व्या रस्त्यावर राहायला आला. ज्या पियानोपरंपरेत डावा हात एकटा बेस आणि ठेका दोन्ही सांभाळतो, ती स्ट्राइडची परंपरा त्या शहरात त्याच्या भोवती होती. जेम्स पी. जॉन्सन हे तिचं मोठं नाव. मंकचा डावा हात तिथून आला आहे. आधुनिक म्हणून ज्याची एवढी चर्चा झाली, त्याच्या डाव्या हातात त्याच्या आधीची पिढी शाबूत होती.

म्हणून मी सुरुवात मंकनं दुसऱ्यांच्या धुना कशा वाजवल्या तिथून केली. 1955 मध्ये रिव्हरसाइड कंपनीच्या ऑरिन कीपन्यूज यांनी त्याला ड्यूक एलिंग्टनच्या रचना वाजवायला सुचवलं. लोकांना मंक अवघड वाटत होता, तेव्हा ओळखीच्या चालींतून त्यांना त्याच्याकडे आणावं हा हेतू. कीपन्यूज यांनी पुढे लिहिलं आहे की रेकॉर्डिंगच्या वेळी मंक छापील कागद समोर ठेवून सावकाश एकेक स्वर तपासत बसला होता. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. एलिंग्टनच्या चाली त्याला माहीत नसणं शक्यच नाही. तरीही त्याला त्या कागदावर जशा आहेत तशा आधी हव्या होत्या.

मग मीही छापील 'ऑटम लीव्ह्ज' काढली आणि नुसती धून, एका बोटानं, वाजवायला घेतली. इतकी वर्षं वाजवलेल्या धुनेला आपण कुठं कुठं गुळगुळीत केलेलं असतं ते अशा वेळी कळतं. चढते तीन सूर मूळ कागदावर सारख्या लांबीचे आहेत. आम्ही सगळे त्यांना झोल देतो, पहिला उशिरा घेतो, तिसरा चौथ्यात विरघळवतो. मंकच्या हातून ते सारखेच आले असते, आणि खणखणीत आले असते.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो 'जस्ट अ जिगोलो'चा. हीसुद्धा युरोपातून आलेली चाल. लिओनेल्लो कासुच्ची यांची रचना, 1929 साली इंग्रजी शब्द मिळून अमेरिकेत रुळलेली, भावुकपणाकडे झुकणारी. मंकनं ती 1954 मध्ये एकट्यानं रेकॉर्ड केली आणि नंतरही वारंवार वाजवली. बेस नाही, ड्रम्स नाहीत. त्यात तो धून जवळजवळ सोडतच नाही. फेरीमागून फेरी तीच चाल येते, प्रत्येक वेळी तिच्या पोटातल्या एखाद्या स्वराची जागा हललेली असते. इव्हान्सच्या वाटेनं जाणारे आम्ही लोक धून एकदा सांगतो आणि मग कॉर्डच्या आधारानं दूर निघून जातो. मंक जात नाही. सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसी 1960 मध्ये त्याच्यासोबत वाजवत होता, तेव्हा त्यानं मंकच्या सूचना वहीत उतरवून ठेवल्या. सोलो घेतानाही डोक्यात धून चालू ठेव, आणि सगळंच वाजवू नकोस, काही सोडून दे, असं त्यात आहे. 'जस्ट अ जिगोलो' लावून ही वही वाचली की दोन्ही सूचना शब्दशः खऱ्या निघतात.

तेव्हा डावा हात बदलायला घेतला. मंकच्या डाव्या हातात पुष्कळदा दोनच स्वर असतात, कॉर्डचा षड्ज आणि निषाद. मधला गंधार नाही, पंचम नाही. हे मी पूर्वीही वाचलं होतं, पण 'ऑटम लीव्ह्ज'वर लावून बघितलं तेव्हा अंगावर काटा आला. धुनेतला लांब सूर हा स्वतःच गंधार आहे! इव्हान्सच्या पद्धतीत डावा हातही गंधार धरतो, त्यामुळे धुनेचा सूर एका मऊ गादीवर टेकतो. मंकच्या पद्धतीत खाली फक्त दोन खांब, सी आणि बी-फ्लॅट, आणि त्यांच्यावर एकटा ई-फ्लॅट. तो ओसरायला लागला की कॉर्डमधला कोमलपणाच ओसरतो, खाली उघडे खांब उरतात. पुढचे तीन सूर येईपर्यंत कान त्या गंधारासाठी ताटकळत राहतो. मी तोवर रिकामी जागा भरण्याचाच विचार करत होते. जागा भरायची गरजच उरली नाही. लांब सूर मी पूर्ण पाच मात्रा दाबून ठेवणंही सोडलं. दोन मात्रांनंतर पट्टी सोडायची, पेडल नाही, आणि डाव्या हातानं ठेका चालू ठेवायचा.

शेजारच्या पट्टीचा प्रश्न मात्र राहिलाच होता, कारण अर्ध्या स्वराची ती टक्कर टाळून मंक होत नाही. पियानोवर मींड काढता येत नाही. मंक तिचा भास निर्माण करतो. दोन लगतचे स्वर एकत्र दाबतो आणि त्यातला एक पटकन सोडतो, उरलेला सूर जणू वाकून जागेवर आल्यासारखा वाटतो. चारही लांब सुरांना खालून अर्धा स्वर चिकटवून बघितला. चारही ठिकाणी चालतो, आणि म्हणूनच चारही ठिकाणी करायचा नाही. दुसरीच जागा ठेवली. तिथं खाली बी-फ्लॅट मेजर आहे, सगळ्या धुनेतली उजेडाची जागा, आणि वर डी हा शुद्ध गंधार. त्याच्यासोबत सी-शार्प दाबायचा, म्हणजे कोमल आणि शुद्ध गंधार एकदम वाजतात, आणि सी-शार्प सोडला की शुद्ध उरतो. पहिल्या फेरीत एकदाच. बोटं सपाट, जवळजवळ आडवी ठेवून, मनगटाच्या वजनानं. बोटं गोल वळवून टोकानं वाजवलं की हाच आवाज नेमस्त होतो. मंकची बोटं सपाट असत हे चित्रफितींत दिसतं. ती त्याची नुसती सवय नव्हती, त्या आवाजाला तसाच हात लागतो.

गाणं शिकलेले माझे मित्र विचारतात, हे म्हणजे किराण्याच्या गवयानं जयपूरची बंदिश जयपूरच्या अंगानं गाण्यासारखं का? काही अंशी हो. बंदिश तीच, लगाव वेगळा, आणि लगावाच्या मागे स्वराकडे बघण्याची एक पूर्ण दृष्टी. पण आमच्यात समोर बसून तालीम देणारा गुरू नाही. मंक 17 फेब्रुवारी 1982 रोजी गेला. माझ्यासमोर रेकॉर्ड आहेत, काही मिनिटांच्या चित्रफिती आहेत, त्याच्यासोबत वाजवलेल्यांनी लिहिलेलं आहे. चुकलं तर हात धरणारं कुणी नाही. अशा वेळी धून हीच परीक्षक. एखादी गोष्ट मंकसारखी वाटतेय की नाही, हे मला नेहमी सांगता येतं असं नाही. ती धुनेला धरून आहे की नाही, हे सांगता येतं.

ही सगळी तयारी एकटीची होती. तालमीला आमचे बेसवादक आले, वांद्र्याचे, मूळचे गोव्याचे, सत्तरी ओलांडलेले. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणतो. त्यांचे वडील सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवत. स्ट्राइड मुंबईला परकी नाही, हे ह्या घराण्यातल्या लोकांना आठवण करून द्यावं लागत नाही. शिकागोहून आलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड 1930च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, आणि त्या काळात हॉटेलांच्या बँडमधून तयार झालेले कितीतरी गोवेकर वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंत गेले.

अंकलनी आठ बार ऐकले आणि धनुकली खाली ठेवली. "बाय, तू नीचे का सा बजाती है, तो मैं क्या बजाऊँ?"

प्रश्न रास्त होता. इव्हान्सच्या पद्धतीत पियानो मूळ स्वर सोडून देतो, म्हणून बेसवाल्याला सगळा तळ मोकळा मिळतो. माझ्या डाव्या हातात आता मूळ स्वर होता, आणि बेसवरही तोच. दोन्ही एकत्र वाजले की तळाशी गढूळ होतं, त्यातही सभागृह लहान असेल तर जास्तच. मंकसोबत वाजवणाऱ्या बेसवादकांपुढे हा प्रश्न रोजचा असणार. आम्ही तासभर त्याच्यावरच होतो. अंकलनी एक फेरी पंचमावरून वाजवून बघितली, एक फेरी वरच्या सप्तकात. ड्रमरनं काठ्या ठेवून ब्रश घेतले, त्यानं थोडी जागा झाली. शेवटी ठरलं ते असं की धून मांडताना पहिले सोळा बार बेसनं वाजवायचंच नाही. फक्त पियानो आणि ब्रश. मधल्या भागाला, जिथं चाल वर जाते, तिथं अंकलनी यायचं, बारमध्ये दोनच स्वर. आणि बेसच्या सोलोला मी हात काढून घ्यायचे. मंक हे नेहमी करायचा. 1957 मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या सोलोच्या वेळी तो वाजवायचा थांबत असे, नुसता बेस आणि ड्रम्सवर कोल्ट्रेनला सोडून देत असे.

"मेरे सोलो में सच में नहीं बजायेगी?" अंकलनी दोनदा विचारलं. आमच्याकडे बेसच्या सोलोखाली पियानोवाले हळूच कॉर्ड पेरत राहतात, त्याची त्यांना सवय. नाही म्हटल्यावर ते खूष झाले आणि दुसऱ्या दिवशी सोलोची वेगळी तयारी करून आले. तो सोलो त्या कार्यक्रमातली सगळ्यात चांगली गोष्ट ठरला, हे इथंच सांगून टाकते.

शेवटच्या आठ बारमध्ये ह्या धुनेत एक जागा आहे जिथं कॉर्ड भराभर, दर दोन मात्रांना, बदलतात आणि तळातला स्वर जी, जी-फ्लॅट, एफ, ई असा अर्ध्या अर्ध्या स्वरानं उतरत ई-फ्लॅटवर येतो. छापील कागदावर प्रत्येक वेळी असं नसतं, पण जॅझवाले तसं वाजवतात. मंकच्या स्वतःच्या रचनांत अशी अर्ध्या स्वराची उतरंड वारंवार येते, तेव्हा ही जागा त्याच्या हाताला घरच्यासारखी वाटली असती. शेवटच्या फेरीत मी तिथं धून काढूनच टाकली. उजवा हात मांडीवर. डाव्या हाताचे फक्त षड्ज-निषाद, चार वेळा, एकेक अर्धा स्वर खाली. धून सगळ्यांच्या कानात इतकी मुरलेली असते की ऐकणारे ती मनातल्या मनात पुरी करतात. पियानोवर सूर धरता येत नाही, ऐकणाऱ्याच्या मनात मात्र धरता येतो. ह्या कामातून मला मिळालेली ही सगळ्यात मोलाची जागा आहे, आणि ती मी मंकची कुठली रेकॉर्ड उतरवून घेतलेली नाही.

सभागृहातला पियानो जुना, बेबी ग्रँड, आणि दिवस सप्टेंबरचे. मुंबईच्या दमट हवेत पियानोच्या पट्ट्यांच्या आतलं कापड फुगतं आणि पट्टी दाबल्यावर परत वर यायला वेळ लावते. नेमका मधल्या सप्तकातला सी-शार्प तसा झाला होता. एरवी एखादी पट्टी आळशी असली तर चालवून घेता येतं, पण माझ्या त्या एका टकरीत सगळं काम सी-शार्प सोडण्याचं होतं. दाबला तर दोन्ही सूर वाजत, सोडला तर काळी पट्टी खालीच रेंगाळत राही, दोन्ही सूर एकमेकांत चिकटून पडत. ट्यूनर संध्याकाळी चारला आले. त्यांनी पट्टी बाहेर काढली, पिनेभोवतीचं फुगलेलं कापड एका चपट्या चिमट्यानं दोन्ही बाजूंनी दाबून बसवलं, पट्टी परत ठेवली आणि बोटानं टकटक करत बघितली. मग शेजारची डीसुद्धा काढली, तिचंही तसंच केलं. मी त्यांना दोन्ही एकत्र वाजवून सी-शार्प सोडून दाखवला. त्यांनी मला आणखी दोन वेळा वाजवायला लावलं, कान पियानोत घालून ऐकलं, आणि सी-शार्पचा डॅम्पर थोडा लवकर बसेल असा केला. वादकाला जे सुचतं त्यातलं किती ह्या माणसांच्या हाती असतं! मंकनं त्याच्या उमेदीच्या काळात क्लबांतल्या कसल्या कसल्या पियानोंवर ह्या टकरी वाजवल्या असतील, हा विचार त्या संध्याकाळी पहिल्यांदा मनात आला.

कार्यक्रम नीट झाला. टक्कर झाली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मान वर करून पियानोकडे बघितलं. शेवटच्या फेरीतल्या त्या उतरंडीच्या वेळी मागच्या बाजूला कुणीतरी खरोखर धून गुणगुणत होतं, ते रेकॉर्डिंगमध्येही आलं आहे.

सध्या उलटं काम चाललं आहे. मंकची 'रूबी, माय डिअर' ही संथ रचना गार्नरच्या हातानं. अंकलची सूचना. ती मंकनं 1947 मध्ये पहिल्यांदा रेकॉर्ड केली, आणि तिच्यातही लांब स्वर पुष्कळ आहेत, पण गार्नरची खरी अडचण तिथं नाही. गार्नरचा डावा हात गिटारवाल्यासारखा दर मात्रेला एक अशा सारख्या चार मात्रा झाडत राहतो, आणि उजवा हात त्याच्या मागून, किंचित रेंगाळत, येतो. उशीर किती, ते मोजता येत नाही. मोजायला गेलं की दोन्ही हात एकाच घड्याळावर येतात आणि गार्नर निघून जातो. मी डावा हात मेट्रोनोमवर बांधते आणि उजव्या हातानं फक्त धून वाजवते. दोन बार उजवा हात मागे राहतो, तिसऱ्या बारला तो डाव्याच्या शेजारी येऊन उभा राहतो. म्हणून आता उजवा हात वाजवतच नाही, डाव्या हाताच्या चार मात्रांवर धून गाते. गळा मागे राहतो. त्याला मागे राहायला शिकवावं लागलं नाही, पेटीच्या दिवसांपासून तो गाणाऱ्याच्या मागे मागेच चालत आला आहे. गळ्याचं ते अंतर बोटांत उतरवायचं आहे, आणि पहिल्या चार बारांत ते कुठं कुठं उतरायला लागलं आहे.